गावच्या बारवेचा खुला दिवस कसा भरवावा

बारव, म्हणजे पायऱ्यांनी खाली उतरायची जुनी दगडी विहीर, बघायला लांबून गाड्या करून लोक येतात. बारवेपासून चार घरं सोडून राहणाऱ्या बाईनं मात्र लग्न होऊन या गावात आल्यापासून तिच्यात एकदाही डोकावलेलं नसतं. ‘तिकडं जायचं नाही, पाण्यात काहीतरी आहे’ एवढंच तिला सांगितलेलं असतं. आमच्या वारसा गटानं पहिल्यांदा खुला दिवस भरवला तेव्हा हे ध्यानात आलं, आणि तेव्हापासून आम्ही एक नेम धरला: आधी गाव, मग पाहुणे. पुढचं सगळं त्या नेमाला धरून आहे.

कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये १९८४ साली एरवी बंद असणाऱ्या ऐतिहासिक वास्तूंची दारं लोकांसाठी एक दिवस उघडली, आणि ती रीत युरोपभर पसरली. इंग्लंडमध्ये १९९४ पासून दर सप्टेंबरात असे मोफत दिवस होतात. आपल्या बारवांना बहुधा कुलूप नसतं, पण वाट बुजलेली असते. ती मोकळी करणं हेच आपलं दार उघडणं.

जागा कुणाची, हे आधी बघा

तीन महिने आधी सातबारा काढा. बारव कुणाच्या गटात येते, गावठाणात आहे की गायरानात, हे कागदावर बघा. गावात जे सांगतात ते आणि कागद यांत फरक निघतो. खाजगी जमीन असेल तर भाऊबंदांपैकी एकाच्या तोंडी होकारावर विसंबू नका, सगळ्यांच्या सह्या घ्या. एका गावात आम्ही थोरल्या भावाला विचारून मोकळे झालो आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री धाकट्यानं वाटेवर काट्या टाकल्या. चूक आमचीच होती, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. सकाळी त्याच्याकडे चहा प्यायलो, माफी मागितली, आणि त्यानंच काट्या उचलल्या.

वास्तू १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली किंवा महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्याखाली संरक्षित असेल, तर संबंधित पुरातत्त्व कार्यालयाच्या लेखी परवानगीशिवाय कार्यक्रम ठरवू नका. निळी पाटी दिसली नाही म्हणजे संरक्षित नाही असं समजू नका, विभागीय कार्यालयात विचारा. पुष्कळ बारवा कुठल्याच यादीत नसतात. तरीही ग्रामपंचायतीचं पत्र घ्या आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला.

दिवस निवडताना

जागतिक वारसा दिन १८ एप्रिलला येतो. त्या दिवशी करायचं तर सकाळी सात ते साडेनऊ एवढंच ठेवा, कारण दहानंतर दगड तापतो आणि म्हातारी माणसं थांबत नाहीत. मला स्वतःला १९ ते २५ नोव्हेंबरचा वारसा सप्ताह बरा वाटतो. पाऊस सरलेला असतो, ऊन सोसवतं, बारवेत पाणीही असतं. महाशिवरात्रीला अनेक गावांत बारवेत दिवे लावतात. संध्याकाळी ते रूप फार सुंदर दिसतं, पण अंधारात पायऱ्या उतरवायच्या म्हणजे जबाबदारी दुप्पट होते. पहिलंच वर्ष असेल तर दिवसाउजेडी करा. जत्रा आणि लग्नाची दाट तिथ टाळा.

साफसफाई, आणि काय करायचं नाही

काटेरी झुडपं, प्लास्टिक, बाटल्या काढा. पायऱ्या केरसुणीनं झाडा आणि साध्या पाण्यानं धुवा. तारेचा ब्रश, ॲसिड, ऑइलपेंट आणि सिमेंट यांना हात लावू नका. सांध्यातून उगवलेला वड-पिंपळ ओढून उपटला तर त्याच्या मुळांबरोबर दगडही निखळतो. तो फक्त वरून छाटा आणि बाकीचं जाणकाराला विचारून करा.

गाळ काढताना नाणं, मूर्ती किंवा कोरीव दगड निघाला तर काम तिथंच थांबवा. जागेवर फोटो घ्या आणि सरपंचांना व तहसीलदारांना कळवा. जमिनीत सापडलेल्या ऐवजाबद्दल १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. कुणाच्या घरी ‘सुरक्षित’ म्हणून नेलेली मूर्ती पुन्हा जागेवर आलेली मी पाहिलेली नाही.

जीव आधी

बारवेला कठडा नसतो, पायऱ्या उंच असतात, शेवाळ धरलेलं असतं. म्हणून एका वेळी पंधराजणच खाली सोडा. एक स्वयंसेवक वर, एक मधल्या टप्प्यावर आणि पट्टीचा पोहणारा एकजण पाण्याच्या कडेला उभा करा. त्याच्या हाताशी दोर आणि हवा भरलेली टायरची ट्यूब ठेवा. वरच्या काठापासून चार हात सोडून दोरी बांधा. लहान मुलांचा हात घरच्यांनी धरलाच पाहिजे, यात भीड ठेवू नका.

आठ दिवस आधी कोनाड्यांतून आणि कमानींखालून नीट बघून घ्या. आग्यामोहोळ असेल तर धूर, फटाके, ढोल, ड्रोन सगळं बंद. मोहोळ वाटेवरच असेल तर कार्यक्रम पुढे ढकला. सर्पमित्राला आदल्या दिवशी बोलवा.

काय दाखवायचं, कुणी सांगायचं

इथं सगळ्यात जास्त वेळ घाला. कुठल्या राजाच्या काळातली हे नक्की माहीत नसेल तर राजाचं नाव घेऊ नका, डोळ्यांना दिसतं ते दाखवा. साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटांच्या (मोट म्हणजे बैलांनी पाणी ओढायची चामड्याची पिशवी) विहिरीसारखी नशीबवान विहीर क्वचितच असते. ती वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली, असं तिथला शिलालेखच सांगतो. आपल्या बारवेवर असा लेख नसला म्हणून सांगण्यासारखं काही नाही असं होत नाही.

मोट चालवलेला एखादा आजोबा गावात असतोच, त्याला खुर्ची द्या आणि बोलू द्या. आमच्याकडच्या आजोबांनी धावेवर, म्हणजे बैलांच्या उतरत्या वाटेवर, उभं राहून दाखवलं: बैल धावेवरून उतारानं पुढं गेले की नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, ताणतो, मोट वर येते, सोंदूर हा बारीक दोर ओढला की मोटेची सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडीत, मोकळी होते, आणि मग बैल मागं सरतात. मग त्यांनी एका मुलीचं बोट धरून काठाच्या दगडावरच्या खाचेत ठेवलं. नाड्यानं घासून घासून दगडात पडलेली खाच, बोटाच्या दोन पेरांएवढी खोल. मुलीनं विचारलं, ‘किती वर्षं लागली असतील?’ आजोबा म्हणाले, ‘माझ्या आज्याला ती अशीच दिसायची.’ तासाभराच्या व्याख्यानानं जे झालं नसतं ते त्या एका खाचेनं झालं. तुमच्या बारवेवर अशी खाच शोधा.

शेजारी वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, असेल तर तो खालून वर वाचायला शिकवा. खाली लढाई, कित्येकदा गाईंची रांगही असते, कारण गुरं सोडवताना माणूस पडलेला असतो. मधे अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या, वर तो शिवलिंगापुढे बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतो त्याची कीर्ती राहो. गधेगळ, म्हणजे बाई आणि गाढव यांचा संग कोरलेला शापाचा दगड, असेल तर स्वयंसेवक लाजतात आणि पुढे सरकतात. लाजू नये. दान दिलेली जमीन हिरावेल त्याला दिलेली ती कोरीव शिवी आहे, एवढं सरळ सांगावं.

झिजलेली अक्षरं दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळू देऊ नका. कापडाचा आडोसा करून अंधार करा आणि विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून आडवी धरा. तिरप्या उजेडात अक्षर आपोआप उठून येतं, आणि ते बघताना बायका-पोरांच्या तोंडून जो ‘आगं बाई’ निघतो, तो ऐकायला तरी हे करा. वीरगळाला शेंदूर लावून कुणी देव मानत असेल तर चारचौघांत टोकू नका. ती पूजा होती म्हणूनच तो दगड आजवर टिकला. तेल कमी घाला, ही विनंती नंतर घरी जाऊन करा.

पेटीतलं जुनं

जवळच्या शाळेत किंवा देवळाच्या ओवरीत एक टेबल मांडा: ‘घरचं जुनं आणा, दाखवा, परत न्या.’ मोडी कागद, लग्नाचे फोटो, ताम्हन, अडकित्ता, जात्यावरच्या ओव्यांची वही. मोबाइलवर फोटो घ्या, कुणाचं, कुठलं, काय आठवतं ते वहीत लिहा आणि वस्तू त्याच क्षणी हातात परत द्या. मूळ वस्तू ठेवून घेऊ नका, आठवड्यासाठीसुद्धा नाही. कुणाला किंमत सांगू नका, आणि दुसऱ्या कुणी सांगायला लागला तर त्याला बाजूला घ्या. जुन्या वस्तू विकत घेणारे अशा दिवशी हमखास येतात. घरमालकाचं नाव-पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नका, आणि सुट्या मूर्तीचा ठावठिकाणा तर नाहीच.

बोलावणं आणि पैसे

फलक छापण्याआधी घरोघर जा. अंगणवाडी ताई, बचत गट, शाळेचे गुरुजी, देवळातलं भजनी मंडळ, या चार ठिकाणी गेलात की गाव कळलं. ज्या वस्तीला पूर्वी या पाण्यावर येऊ दिलं जात नव्हतं, तिथं सर्वांत आधी आणि स्वतः जा, आणि तिथल्या एकाला माहिती सांगणाऱ्यांत घ्या. पाण्याची गोष्ट त्यांच्याशिवाय पुरी होत नाही.

खर्च फार नसतो: दोर, माठ, हातमोजे, प्रथमोपचाराची पेटी, थोडी छपाई. मांडव नको, हारतुरे नकोत. सत्कारात दीड तास गेला की शाळेची मुलं उन्हात बसून कंटाळतात आणि बारव न बघताच घरी जातात. दारात दानपेटीही नको. मोफत म्हटलं की मोफत. बचत गटानं शेजारी थालीपीठ विकलं तर हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी

सकाळी सगळ्यांनी येऊन कचरा उचला, दोऱ्या सोडा, पायऱ्यांवर नवं काही हललंय का बघा. जमीनमालकाला जागा दाखवून मग निरोप घ्या. वहीतली नावं बघून आठवडाभरात फोटोंच्या प्रती घरी पोचवा. आमच्या आजोबांचा धावेवरचा फोटो त्यांच्या नातवानं भिंतीवर लावलाय, आणि पुढच्या वर्षीच्या साफसफाईसाठी पहिलं नाव त्यानंच दिलंय.