फिटर-वेल्डर मुलींनो, कंपनीत हजर होण्याआधी

आयटीआयचा निकाल लागला आणि पिंपरी-चाकणच्या एखाद्या वाहन कंपनीने ॲप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) म्हणून बोलावलं, की घरात पहिला प्रश्न निघतो, पोरीला झेपेल का? झेपेल. पुण्यात टाटा मोटर्समध्ये हॅरियर आणि सफारी जोडणारी अख्खी लाइन मुली चालवतात. त्यामुळे त्या चर्चेत वेळ घालवू नकोस, तयारीला लाग.

आधी कागद. आधार, दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला आणि आयटीआयचं प्रमाणपत्र या चारही ठिकाणी तुझं नाव अक्षरन्‌अक्षर सारखं आहे का, ते आजच बघ. लग्नानंतर आधारवरचं नाव बदललेल्या मुली ॲप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करताना हमखास इथे अडकतात. बँकेचं खातं तुझ्याच नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं. वडिलांचं किंवा भावाचं खातं देऊ नकोस.

करार पूर्ण वाचल्याशिवाय सही नाही. ट्रेड कोणता लिहिलाय, मुदत किती, स्टायपेंड किती, हे बघ. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्या ॲप्रेंटिससाठी महिना किमान ७,००० रुपये ठरवले. त्याहून कमी दिसलं तर थांब आणि विचार. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा तुला कामगार नव्हे, शिकाऊ मानतो. म्हणून शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, मंजुरीशिवाय तुझ्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. दुसरी बाजूही घरी आत्ताच सांगून ठेव: करारात तसं लिहिलेलं नसेल, तर वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नसतं.

सेफ्टी शूज स्वतःच्या मापाचेच माग. चार-पाच नंबरचे बूट स्टोअरमध्ये सहसा नसतात, मागवावे लागतात. दोन-दोन मोजे घालून मोठे बूट वापरलेस तर पाय अडखळतो. वेणी टोपीच्या आत, ओढणी नाही, बांगड्या-अंगठी-मंगळसूत्र घरी. आणि ड्रिल मशीनवर हातमोजे कधीच घालू नकोस, फिरणारं ड्रिल हातमोजा ओढतं आणि त्याबरोबर बोटंही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. 'मुलगी आहे, जड काम नको' असं म्हणून फिटर मुलीला स्टिकर लावायला, तपासणीच्या टेबलावर किंवा ऑफिसात एंट्री करायला बसवतात. सांगणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दया असते, पण वर्ष फुकट जातं. ॲप्रेंटिसशिपच्या शेवटच्या परीक्षेत फायलिंग (कानशीने घासणं), ड्रिलिंग, फिटिंगच विचारणार. म्हणून पहिल्याच आठवड्यात ट्रेनिंग विभागाकडून कोणत्या महिन्यात कोणतं शॉप (कारखान्यातला विभाग), याचा कार्यक्रम लेखी घे. जड कामाचा मुद्दा निघाला तर शांतपणे सांग, 'सर, गिअरबॉक्स तर कुणीच हाताने उचलत नाही, मला होइस्ट, म्हणजे जड वस्तू उचलायचं यंत्र, शिकवा.'

रोजची डायरी ठेव. 'असेंब्लीचं काम केलं' एवढं लिहून भागत नाही. चाकाचे नट आवळले असतील तर कोणता टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराने नट आवळायचा पाना), किती न्यूटन-मीटरवर सेट केला, नट कोणत्या क्रमाने घेतले, हे लिही. 'टक' आवाज आल्यावर आणखी ओढायचं नाही, काम संपलं की रेंचचं सेटिंग सगळ्यात खाली आणून ठेवायचं, हेही लिही. दर आठवड्याला सुपरवायझरची सही घे. पुढे दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला बसशील तेव्हा तुझ्या बोलण्यात वजन येईल ते या पानांमुळे.

लाइनपासून स्वच्छतागृह किती लांब आहे आणि तुझ्या जागी रिलीव्हर कोण उभा राहतो, हे पहिल्या दिवशीच विचार. लाजू नकोस. छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीतल्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर टिपून घे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ॲप्रेंटिसचाही स्पष्ट उल्लेख आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. पहिल्या पाळीची बस पहाटेच निघते, तेव्हा खोली घेताना भाड्याइतकाच बसथांब्यापर्यंतचा रस्ताही बघ, तोही अंधारात जाऊन.

चाकण जमणारच नसेल, तर मध्य रेल्वेच्या परळ, माटुंगा, कुर्डुवाडी वर्कशॉपच्या ॲप्रेंटिस भरतीवर लक्ष ठेव. तिथे लेखी परीक्षा नसते. दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. रेल्वेत ॲप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना लेव्हल-१ (सगळ्यात खालच्या पायरीच्या नोकऱ्या) च्या थेट भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. वयाची अट मात्र खुल्या गटाला १५ ते २४ ची आहे, त्यामुळे जाहिरात आली की त्याच आठवड्यात अर्ज भर.