देणगी मागण्याआधी पासपोर्ट विचारा

बडोद्यात एखाद्या संस्थेत देणगीदारांचं काम नव्याने हाती घेतलंय? पावत्या, ८०जी (देणगीदाराला मिळणारी आयकर सवलत), सीएसआरची (कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीची) फाईल हे सगळं शिकून होईल. नडतं ते दुसरंच.

डिसेंबर लागला की अमेरिका-कॅनडातली मंडळी लग्नांना आणि उत्तरायणाला घरी येतात. दांडिया बाजारातले एक काका आमची अभ्यासिका बघून गेले आणि दुसऱ्या दिवशी चेक घेऊन हजर. बँक इथलीच, रक्कम रुपयांत. पावतीवर पॅन लिहिताना आमच्या हिशेबनीस मावशींनी सहज विचारलं, "काका, पासपोर्ट आपलाच ना?" काका अमेरिकेचे नागरिक. चेक परत द्यावा लागला. "माझ्याच गावात मी परका?" म्हणाले. मला तोंड वर करवेना.

तर नीट ऐका. पैसा कुठल्या चलनात आला, कुठल्या बँकेतून आला, याने सुटका होत नाही. देणाऱ्याचं नागरिकत्व बघतात. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस दुबईत राहत असला, तरी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली त्याची देणगी परदेशी धरत नाहीत. ओसीआय कार्डवाल्याची, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाची, मात्र परदेशीच, मग चेक अलकापुरीतल्या शाखेचा का असेना. ती घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. नोंदणीसाठी साधारणपणे संस्था ३ वर्षं जुनी हवी आणि मागच्या ३ आर्थिक वर्षांत कामावर किमान १५ लाख खर्च झालेला हवा. छोट्या ट्रस्टचं इथेच अडतं.

मग कुणीतरी शहाणा सुचवतो, "भावाच्या खात्यातून फिरवू." अजिबात नाही! असे सल्ले देणारे कागदावर सही करायला कधी पुढे येत नाहीत. टक्केवारीवर देणग्या आणून देणाऱ्यांनाही मी दारात उभं करत नाही. पैसे येतात, माणूस त्यांच्याच खिशात राहतो. शिकायचंच असेल तर कार्यशाळांपेक्षा अशा एखाद्या मावशींच्या शेजारी खुर्ची टाका.

घाबरू नका, पासपोर्ट विचारला म्हणून कुणी तुटत नाही. काका रुसले, पण मुलांचा गणिताचा निकाल मी त्यांना कळवत राहिले, पैशाचा विषय न काढता. पुढच्या हिवाळ्यात ते स्वतः फळ्यापाशी उभे राहिले. वेळ द्यायला एफसीआरए आडवा येत नाही.

इथल्या नेहमीच्या देणगीदारांचंही तेच. रावपुऱ्यातल्या एक पेन्शनर आजी दरमहा थोडे पैसे देतात. त्यांना छापील अहवाल नको असतो, फोन हवा असतो, आणि तोही मार्चएंडला नाही. हो, रोख घेत असाल तर लक्षात ठेवा: २००० च्या वर ८०जीची सवलत मिळत नाही. हे पावती फाडण्याआधी सांगा. नंतर सांगितलं तर आजी ऐकून घेतील, त्यांचा मुलगा नाही.