गच्चीवर 40 मीटरचा डायपोल: पक्कड हातात घेण्याआधी

डायपोल म्हणजे मधोमध केबल जोडलेली, दोन सारख्या हातांची तारेची अँटेना. 40 मीटर ही तिची लांबी नव्हे, ते हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या 7 मेगाहर्ट्झजवळच्या बँडचं नाव. सोसायटीची परवानगी, प्रक्षेपण करणार असाल तर हॅम परवाना, आणि गच्चीजवळून विजेची उघडी लाईन जात नाही याची खात्री, एवढं झालंय असं धरून चालतो. लाईन जवळ असेल तर हा लेख इथेच मिटा. तिथे कुठलीच तार टाकायची नाही.

तार घरच्या वायरिंगची, दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएम, प्लास्टिकचं आवरण असलेली चालते. मधला इन्सुलेटर पीव्हीसीच्या तुकड्याचा, टोकांना नायलॉन दोरी, खाली रेडिओकडे जाणारी 50 ओहमची आरजी-58 कोॲक्स (मधे तार आणि भोवती धातूची जाळी असलेली केबल). नुसतं ऐकायचं असेल तर टीव्हीची 75 ओहमची केबलसुद्धा चालते, त्यावरून वाद घालत बसू नका. मधला भाग पाण्याच्या टाकीवर रोवलेल्या बांबूला वर बांधा आणि दोन्ही हात उलट्या व्हीसारखे खाली उतरवा. मधला कोन 90 अंशांपेक्षा कमी नको. प्रक्षेपण चालू असताना टोकांवर चांगलंच व्होल्टेज असतं, म्हणून ती हात पोचणार नाही इतकी उंच ठेवा. कपडे वाळत घालणाऱ्या शेजाऱ्यांना भाजल्यावर समजावून सांगणं अवघड जातं.

आता लांबी. मीही सगळ्यात जास्त डोकं इथेच खाजवलंय आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्लेही इथेच मिळतात.

भारतात हा बँड 7.0 ते 7.2 मेगाहर्ट्झ. मध्य 7.1 धरला तर अर्धी तरंगलांबी 21.1 मीटर येते. कुणीतरी हा आकडा सांगतो आणि लोक कापून मोकळे होतात. प्रत्यक्ष तारेला टोकांच्या परिणामामुळे त्याहून कमी लांबी लागते, म्हणून 143 भागिले मेगाहर्ट्झ हे सूत्र वापरतात. त्याने 20.1 मीटर, म्हणजे प्रत्येक हात साधारण 10.07 मीटर. तोही अंतिम आकडा नव्हे. प्लास्टिकचं आवरण, हातांचा उतार, स्लॅबमधलं लोखंड, टोकाजवळचा सोलरचा सांगाडा, यातली प्रत्येक गोष्ट रेझोनन्स, म्हणजे अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीला नीट जुळते ती, सरकवते. तुमच्या गच्चीचा आकडा तुमच्याच गच्चीवर मिळतो. दुसऱ्याने सेंटिमीटरपर्यंत दिलेली मापं कागदावरच राहू द्या.

प्रत्येक हात मुद्दाम थोडा लांब, 10.40 मीटरचा कापा. मोजण्याआधी चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारी गुंडाळी) बसवा: एफटी-240-43 फेराइट रिंगवर कोॲक्सचे दहा-बारा वेढे, अगदी फीडपॉइंटपाशी, म्हणजे केबल तारेला जोडते तिथे. चोक नसेल तर कोॲक्सच्या जाळीची बाहेरची बाजूही अँटेनाचा भाग होते आणि मीटर खोटं बोलतो. याची परीक्षा सोपी आहे. नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचा छोटा मीटर) लावा आणि कोॲक्स मुठीत धरून हात पुढेमागे सरकवा. पडद्यावरची एसडब्ल्यूआरची रेषा (अँटेना केबलशी किती जुळते याचं माप; जितकं कमी तितकं चांगलं) हलली तर कापाकापीला हातही लावू नका, आधी चोक नीट करा.

मग अँटेना कायमच्या उंचीवर चढवा आणि एक-दोन दिवस ताणात राहू द्या. मऊ तांबं ताणलं जातं. जमिनीवर पसरून किंवा कठड्यावर टेकवून घेतलेलं माप काही कामाचं नाही. आता रेषेचा तळ कुठे आहे ते बघा. समजा 6.82 मेगाहर्ट्झवर आहे. 10.40 गुणिले 6.82 भागिले 7.10, म्हणजे 9.99 मीटर. हात प्रत्येकी 41 सेंटिमीटरने लांब आहेत. पण 41 कापू नका, मुळात काहीच कापू नका. टोकाची 35 सेंटिमीटर तार उलट दुमडून मूळ तारेभोवती घट्ट गुंडाळा आणि पुन्हा मोजा. लोंबती सोडली तर ती लांबीतच धरली जाते. दोन्ही हातांवर सारखंच करा. साधारण हिशेब असा, की दोन्हीकडून 10-10 सेंटिमीटर कमी केले की तळ 70 किलोहर्ट्झने वर सरकतो.

आणि एसडब्ल्यूआर 1:1 आलाच पाहिजे हा हट्ट सोडा. 1.5 वर फक्त 4 टक्के शक्ती परत फिरते, 2 वर 11 टक्के. डमी लोडचा (अँटेनाऐवजी लावायच्या, शक्ती उष्णतेत जिरवणाऱ्या रेझिस्टरचा) एसडब्ल्यूआर अगदी 1 असतो, पण तो पलीकडच्या गल्लीतही ऐकू जात नाही. जुनी, पाणी शिरलेली कोॲक्सही झकास आकडा दाखवते, कारण शक्ती तिच्यातच जिरते. तळ 7.1 च्या आसपास आणि आकडा 1.5 च्या आत आला की खाली उतरा.

उंचीवरही एक ठरलेला सल्ला मिळतो: जितकी जास्त तितकी चांगली. 7 मेगाहर्ट्झला आठ-दहा मीटर म्हणजे पाव तरंगलांबीसुद्धा जेमतेम. एवढ्या उंचीवरून बरीचशी शक्ती सरळ वर जाते आणि आयनोस्फिअरच्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाच्या, एफ थरावरून परत खाली येते. पुण्याहून कोल्हापूर, नाशिक गाठायला दिवसा हेच हवं. दुपारी त्याच्याच खालचा डी थर लहरी शोषतो, त्यामुळे लांबची स्टेशनं मंद पडतात. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि दूरची स्टेशनं उघडतात. रात्री उशिरा मात्र एफ थर इतका पातळ होऊ शकतो, की सरळ वर गेलेली लहर परत येत नाही. तेव्हा हजार-दोन हजार किलोमीटरवरचा माणूस खणखणीत आणि शेजारच्या जिल्ह्यातला गायब, असं होतं. अशा वेळी तारा उतरवून पुन्हा लांबी मोजायला लागू नका, अँटेनात बिघाड नाही.

फीडपॉइंटचा जोड सेल्फ-फ्यूजिंग टेपने बंद करा, कोॲक्सला घरात शिरण्याआधी खाली झोळ द्या, आणि वळवाचे ढग दिसले की केबल रेडिओ सेटमधून काढून खिडकीबाहेर ठेवा. आकाश गडगडायला लागल्यावर मात्र केबलला हात लावायला जाऊ नका.