आडनावावरून अमेरिकी पुढारी शोधताय? या चुका टाळा

'पाटील' एवढ्यावरून सांगली जिल्ह्यातला एखादा जुना आमदार शोधून दाखवा म्हटलं तर तुम्ही हसाल. पण तेच तुम्ही अमेरिकेतला एखादा विसरलेला सिनेटर शोधायला बसलात की आडनाव टाकता, वर आलेला पहिला माणूस उचलता आणि संध्याकाळी लेख हातावेगळा करता. असे मसुदे मी गेली काही वर्षं तपासतोय. माणसं नवी येतात, चुका मात्र त्याच.

पद जुळलं, आडनाव जुळलं, म्हणजे माणूस जुळला

ही चूक मी स्वतः केली आहे, तीही चांगली वाजतगाजत.

अमेरिकेतल्या युटा राज्याचा फ्रँक कॅनन हा माझा विषय होता. 1896 ते 1899 अमेरिकी सिनेटमध्ये होता. 1896 मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या सेंट लुईसच्या अधिवेशनातून चांदीच्या चलनाच्या प्रश्नावर सभात्याग करणाऱ्यांत हाही होता. गडी रंगतदार. युटाची राजधानी सॉल्ट लेक, तिथल्या त्या काळातल्या एका वर्तमानपत्रात मला बातमी सापडली की दुकानात काम करणाऱ्या मुलींना बसायला खुर्च्या मिळाव्यात म्हणून 'सिनेटर कॅनन' यांनी विधेयक आणलंय. मी खूश. चांदीवाल्या फ्रँकला कामगार मुलींचा कळवळा! त्यावर अख्खा परिच्छेद लिहिला. बातमीत पुढे एका ठिकाणी 'हर' असा शब्द होता, म्हणजे 'तिचं'. ती मी छपाईची चूक समजलो.

मसुदा वाचून एका ज्येष्ठ स्नेह्यांनी एवढंच विचारलं, "अहो, सॉल्ट लेकच्या कापडदुकानातल्या खुर्च्या वॉशिंग्टनची सिनेट कशाला ठरवेल?"

तो सिनेटर म्हणजे मार्था ह्यूज कॅनन. पेशाने डॉक्टर, आणि युटाच्या *राज्य* सिनेटची सदस्य. अमेरिकेत राज्याच्या सिनेटवर निवडून आलेली ती पहिली बाई. आणि गंमत पुढेच आहे. 1896 च्या त्या निवडणुकीत तिचा नवरा अँगस कॅनन हाही उमेदवार होता. तो रिपब्लिकन, ती डेमोक्रॅट. ती जिंकली, तो पडला. ही अँगसची चौथी बायको (मॉर्मन समाजातलं तेव्हाचं बहुपत्नीत्व). फ्रँक हा अँगसच्या भावाचा, जॉर्ज क्यू. कॅननचा मुलगा. म्हणजे सॉल्ट लेकच्या बातमीत एकाच वेळी दोन 'सिनेटर कॅनन' होते आणि ते नात्याने काकू-पुतण्या. काकू जेमतेम दोन वर्षांनी मोठी! शिवाय जॉर्ज क्यू. स्वतः 1873 ते 1882 युटाचा काँग्रेसमधला, म्हणजे अमेरिकी संसदेतला, प्रतिनिधी होता, आणि राज्य सिनेटचा पहिला अध्यक्ष जॉर्ज एम. कॅनन हा अँगसचाच मुलगा, म्हणजे मार्थाच्या सवतीचा. काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाचा स्पीकर, इलिनॉयचा जोसेफ कॅनन वेगळाच. त्याचा या घराशी संबंध नाही.

त्या दिवसापासूनची माझी सवय: आडनावाचा एक मोठा कागद करायचा. त्या आडनावाच्या प्रत्येकाला एक ओळ, ओळीत जन्मसाल, गाव, आई, नवरा किंवा बायको, कुठे पुरलं. कात्रण मिळालं की आधी 'अनाथ' नावाच्या पाकिटात जातं. या पाचातल्या दोन गोष्टी जुळेपर्यंत तिथून हलत नाही. वेळ लागतो. ज्यांना वेळ नाही त्यांनी शब्दकोडी सोडवावीत.

मधलं नाव म्हणजे वडील

ही खास आपली चूक, आणि हिचा मला फार राग येतो. 'जोसेफ गर्नी कॅनन, वडिलांचं नाव गर्नी.' अहो, वडिलांचं नाव होरेस! ते डॉक्टर होते. अमेरिकेत मधल्या नावाचं काहीही असतं. आजोबांचं, एखाद्या पाद्र्याचं, आई-बापांना आवडलेल्या सेनापतीचं. पण कित्येकदा ते आईचं माहेरचं आडनाव असतं आणि तिथे खरा खजिना आहे. जॉर्ज क्यू. मधला 'क्यू' म्हणजे क्वेल, आणि आई होती ॲन क्वेल. नुसतं आद्याक्षर दिसलं तरी ते पूर्ण काय हे शोधल्याशिवाय मी पुढे जात नाही. निम्म्या वेळा माहेरचं घराणंच हाती लागतं.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

'काँग्रेसचा सदस्य' वाचून पक्ष काँग्रेस लिहू नका. हसू नका, तीन मसुद्यांत पाहिलंय.

मॅसॅच्युसेट्सचं विधिमंडळ 'जनरल कोर्ट' म्हणवतं. त्याच्या सदस्याने न्यायालयात एक दिवसही काम केलेलं नसतं. मेरीलँड-व्हर्जिनियात आमदाराला 'डेलिगेट' म्हणतात, आणि पक्षाच्या अधिवेशनाला जाणाराही डेलिगेटच. 'जज' आणि 'कर्नल' तर त्या काळी आपल्याकडच्या 'भाऊसाहेब'सारखे चालायचे.

1913 पूर्वीच्या सिनेटरला किती मतं पडली हे शोधत बसू नका. तेव्हा सिनेटर राज्याचं विधिमंडळ निवडत असे. फ्रँकनंतर 1899 मध्ये युटाच्या विधिमंडळाचं एकमतच होईना, आणि ती जागा 1901 पर्यंत रिकामी राहिली. यादीत मोकळी जागा दिसली म्हणून एका उत्साही मुलाने तिथे फ्रँकलाच आणखी दोन वर्षं बसवलं होतं.

1890 ची जनगणना मागू नका. 1921 च्या वॉशिंग्टनमधल्या आगीनंतर तिचं फारसं काही उरलेलं नाही.

न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर, जिथे येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी होई, कारकुनाने आडनाव बदललं, ही कथा लेखातून काढून टाका. प्रवाशांच्या याद्या जहाज सुटतानाच तयार होत. जुन्या जिल्हा-इतिहासांतली चरित्रं जपून वापरा. त्यातल्या बऱ्याच मंडळींनी आगाऊ वर्गणी भरलेली असे, त्यामुळे सगळेच थोर आणि सगळेच दानशूर.

स्पेलिंगवर हटून बसू नका. न्यू मेक्सिकोचा सिनेटर डेनिस चावेझ जन्माने डिओनिसिओ. त्याच भागात 'चावेस'ही लिहितात. यासाठी साऊंडेक्स, म्हणजे उच्चारावरून आडनावाला खूण देण्याची पद्धत शिका, दहा मिनिटांचं काम आहे. पहिलं अक्षर आणि पुढे उच्चारानुसार तीन आकडे. चावेझ आणि चावेस दोन्ही सी-120, स्मिथ आणि श्मिट दोन्ही एस-530. मात्र पहिलं अक्षर बदललं की गाडी घसरते. नॉक्स 'के'ने लिहिला तर के-520, 'एन'ने लिहिला तर एन-200.

बायो-गाइड म्हणून ओळखला जाणारा काँग्रेसचा चरित्रकोश 1774 पासूनचा आणि भरवशाचा आहे, पण त्यात फक्त काँग्रेसवाले. मार्था त्यात सापडणार नाही. राज्याचे आमदार, पोस्टमास्तर, पडलेले उमेदवार यांच्यासाठी लॉरेन्स केस्टनबॉम यांचं पोलिटिकल ग्रेव्हयार्ड आहे. 1996 पासून चालू, आडनावानुसार लावलेलं, आणि कोण कुठे पुरलाय हेही सांगतं. मी सुरुवात तिथून करतो, शेवट मात्र वर्तमानपत्रात. चॅटबॉटला विचारून आलेले लेख मी पहिल्या परिच्छेदात ओळखतो. त्यात चार कॅनन मिळून एक झालेला असतो.

आणि आपल्या माणसाचीही गत सांगतो. मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघाचे 2023 पासूनचे खासदार मूळ चिकोडी-बेळगावकडचे, नाव श्री ठाणेदार. 'श्री' हे त्यांचं पहिलं नावच. माझ्याकडे आलेल्या मसुद्यात आडनावापुढे 'ठाणेदार' होतं, 'श्री' आदरार्थी समजून गाळलेलं, आणि तक्त्यात लिहिलं होतं: पहिलं नाव, उपलब्ध नाही.