हिरव्या पडद्यापुढे नाचणाऱ्या मुलीची सावली

बडोद्यात भरतनाट्यम शिकणाऱ्या मुली पुष्कळ. सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणीसाहेब तंजावरच्या. त्यांच्या लग्नाबरोबर १८८० च्या सुमारास तिथल्या नर्तकी इथे आल्या, तेव्हापासूनचं हे वेड. म्हणून अरंगेत्रमचा, म्हणजे मुलीच्या पहिल्या जाहीर नाचाचा, व्हिडिओ करायचा म्हटलं की पालकांना मागे जुनं बडोदं हवं असतं. मांडवी दरवाजाच्या कमानी नाहीतर सुरसागर तलावाचा दगडी काठ. मांडवीत रिक्षा थांबवून नाचू कोण देणार? मग खोलीत हिरवा पडदा लावून नाच घ्यायचा आणि कॉम्प्युटरवर हिरव्याच्या जागी जुन्या बडोद्याचा फोटो टाकायचा. त्यापाठोपाठ तक्रार येते, "काका, सगळं छान आहे, पण ताई हवेत तरंगतेय."

ती तरंगते कारण तिची सावली खोटी असते. मी आयुष्यभर नाटकांचे दिवे केले, तिथे चेहऱ्यापासून सुरुवात असते. इथे आधी पाय बघायचे, चेहरा शेवटी.

मागच्या फोटोत सूर्य कुठे आहे हे कळल्याशिवाय दिव्याला हात लावू नका. फोटो स्वतः काढणार असाल तर ३ फुटांची काठी बरोबर न्या, उभी धरा आणि सावली मोजा. सावली काठीएवढी असेल तर सूर्य ४५ अंशांवर आहे, काठीच्या दुप्पट असेल तर साधारण २७ वर, निम्मी असेल तर ६३ वर. कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर होता तेही टिपून ठेवा. स्टुडिओत तो तेवढ्याच उंचीवर लावायचा, नाहीतर क्षितिज जुळत नाही.

आता खोलीचा विचार. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यातली खोली १० फूट उंच आहे, आणि बहुतेकांची एवढीच असते. मुलीचा चेहरा ५ फुटांवर, दिवा छताला टेकवला तरी चेहऱ्याच्या वर फक्त ५ फूट. ४५ अंशांचा सूर्य हवा तर दिवा तिच्यापासून ५ फुटांवर येतो. ती दिव्याच्या दिशेने दोन फूट सरकली की कोन साठीजवळ पोचतो आणि नाचता नाचता सावली आखडते. खरा सूर्य असं करत नाही. तोच सूर्य २५ अंशांचा धरलात तर दिवा पावणेअकरा फूट लांब जातो, दोन फुटांच्या हालचालीने कोन ३० च्या आत राहतो. म्हणून कमी उंचीच्या खोलीत मागे सकाळचा किंवा संध्याकाळचाच फोटो घ्या. दुपारचा मागणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. डिसेंबरअखेर बडोद्यात भर दुपारी सूर्य ४४ अंशांवर असतो, आणि जूनमध्ये तर साडेबाराच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो. तो दिवा छप्पर फोडूनच लावावा लागेल.

मुलीवर दिवा एकच, आणि त्यावरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड पसरवणारी कापडी पेटी, काढा. चेहरा मऊ दिसावा म्हणून सगळे तो लावतात आणि ऊन मारून टाकतात. सूर्य आपल्याला अर्ध्या अंशाएवढा दिसतो. १२ फुटांवरून तेवढं दिसायला दिव्याचं तोंड सव्वा इंचाच्या आसपास हवं, ३ फुटांचं नव्हे. सूर्याच्या सावलीची कडा पायाजवळ धारदार असते, आणि उंच धरलेल्या हाताची सावली लांब पडते तिथे ती दीडेक इंच पसरते. हा फरक प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण डोळ्याला कळतो. चेहऱ्यावरच्या गडद सावल्या पांढऱ्या थर्माकोलवरून उजेड परतवून उजळा, दुसरा दिवा लावून नको. दुसऱ्या दिव्याची दुसरी सावली पडते आणि आकाशात दोन सूर्य होतात.

पडद्याचे दिवे वेगळे, सपाट आणि एकसारखे. मुलीला पडद्यापासून ८ फूट तरी पुढे उभी करा, म्हणजे हिरवट उजेड खांद्यांवर चढत नाही. फरशीही हिरवी असेल तर तो खालून हनुवटीवर येतो. फ्रेमच्या बाहेर, पायांच्या पुढे मातकट रंगाची चादर अंथरा. दगडी काठावरून उन्हाचा जो उबदार उजेड वर येतो तो अशाने मिळतो, आणि हिरवा दबतो.

सावली कॉम्प्युटरमध्ये टाकायची तर इथे सगळ्यात जास्त फसगत होते. अनरिअल किंवा ब्लेंडर या थ्रीडी दृश्यं करायच्या प्रोग्रॅममध्ये मुलीचा व्हिडिओ एका उभ्या सपाट पाटीवर लावतात. ऊन बाजूने आलं की त्या पाटीची सावली काडीसारखी बारीक पडते. काही जण पाटीऐवजी अदृश्य पुतळा उभा करतात. निवेदकाला ते चालतं, पण भरतनाट्यममध्ये मुलगी अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धी, बसते आणि पुतळ्याची सावली ताठ उभीच राहते. मी दिव्याच्या अगदी शेजारी एक मोबाइल लावतो. दिव्याला जे दिसतं त्याचीच सावली पडते, म्हणून त्या जागेवरून घेतलेली आकृती हीच सावलीची आकृती. त्या दुसऱ्या व्हिडिओतलाही हिरवा काढून टाकायचा (याला 'की' करणं म्हणतात), तो दिव्याकडे तोंड केलेल्या दुसऱ्या पाटीवर लावायचा, आणि ती पाटी फक्त सावली टाकेल, स्वतः दिसणार नाही, असं करायचं. दोन्ही व्हिडिओ जुळवायला सुरुवातीला एक टाळी वाजवून घ्या. त्या बाजूनेही मागे हिरवंच दिसायला हवं, म्हणजे पडदा कोपऱ्यातून वळवावा लागतो. ब्लेंडरमध्ये जमिनीला शॅडो कॅचर केलं, म्हणजे जमीन न दिसता तिच्यावरची सावली तेवढी दिसते, की काम झालं.

सावलीचा रंग काळा ठेवू नका. उघड्यावरच्या सावलीत आकाशाचा निळसरपणा असतो. फोटोतल्याच एखाद्या खांबाच्या सावलीवरून रंग उचला आणि तेवढाच गडदपणा द्या.

कमानीखालून चालत यायचं असेल तर पुठ्ठ्यातून कमान कापून दिव्यापुढे धरा. तिच्या अंगावरून अंधार सरकला पाहिजे. हे कॉम्प्युटरमध्ये नंतर करता येतं म्हणणाऱ्यांनी खुशाल करावं.

नऊवारी आणि हिरवा चुडा घालून लावणी करायला कुणी आली तर चुडा पडद्याबरोबर गायब होतो आणि हात मनगटापाशी तुटतो. चुडा उतरवा असं कुणाला सांगू नये. निळा पडदा लावा.

झालं की व्हिडिओ कृष्णधवल करून आवाज बंद ठेवा आणि फक्त पाय बघा. टाच उचलली की सावली पायापासून सुटली पाहिजे, टेकली की चिकटली पाहिजे. दोन फ्रेम उशीर झाला तरी खटकतं, मग टाळी पुन्हा जुळवा. तरीही जमत नसेल तर कंबरेपर्यंतची फ्रेम घ्या आणि घुंगरांचा आवाज तेवढा नीट रेकॉर्ड करा.