बिअर नव्यानं समजून घेताय? बेळगावात बसून मी केलेल्या या चुका टाळा

आमच्याकडं बिअर मागताना दोनच प्रश्न असतात: माइल्ड का स्ट्राँग, आणि थंड आहे काय? मीही कैक वर्षं यापलीकडं गेलो नव्हतो. मग पुण्याला मेव्हण्यानं एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच थोडी थोडी बिअर करून वाढणाऱ्या ठिकाणी नेलं. चार छोटे ग्लास पुढ्यात आले आणि त्यातल्या एकाला चक्क पिकल्या केळ्याचा वास! "एसेन्स घालता काय?" मी विचारलं. वाढणारा पोरगा गालातल्या गालात हसला. गव्हाच्या त्या जर्मन बिअरला, म्हणजे हेफेवायझेनला, केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो तो तिच्या यीस्टमुळं, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्म जीवामुळं. तिथून नाद लागला. चुकाही तिथूनच सुरू झाल्या.

कडक म्हणजे भारी, काळी म्हणजे कडक

ही पहिली चूक, आणि सगळ्यांची. स्टाउट काळी दिसते ती करपेपर्यंत भाजलेल्या बार्लीमुळं. रंगाचा आणि चढण्याचा काही संबंध नाही. आयर्लंडची प्रसिद्ध गिनेस ड्राफ्ट काळीकुट्ट असते, पण तिच्यात अल्कोहोल ४.२ टक्के, म्हणजे आपल्या ५ टक्क्यांच्या साध्या पिवळ्या बिअरपेक्षा कमी.

खरं गोत्र यीस्टवरून ठरतं, आणि मोठी गोत्रं दोन: लागर आणि एल. लागरचं यीस्ट साधारण ८ ते १३ अंशांच्या थंडीत सावकाश काम करतं आणि स्वतःचा वास फारसा मागं ठेवत नाही. आपण जन्मभर पितो ती पिवळी लागर १८४२ साली बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) पिल्झेन गावात निघालेल्या बिअरची पणती. एलचं यीस्ट १८ ते २२ अंशांत भराभर आंबवतं आणि फळांसारखे वास सोडतं. हे एकदा डोक्यात बसलं की मेन्यूकार्ड वाचता येतं.

चव घेताना क्रमही सांभाळा. लागर, गव्हाची, पेल एल (फिकट रंगाची एल), आयपीए (इंडिया पेल एल) आणि शेवटी स्टाउट. मी एकदा आयपीएनं सुरुवात केली. तिच्यात हॉप्सचा, म्हणजे एका वेलीच्या कडू फुलांचा, कडवटपणा भरपूर असतो. त्यानंतरची गव्हाची बिअर म्हणजे कारलं खाऊन वर बिनमिठाचं वरण. आणि बर्फाळ ग्लास मागू नका. गारठ्यानं जीभ बधिर होते आणि दिलेले पैसे वासाशिवाय पोटात जातात.

गोव्याहून चोर्ला घाटानं बाटल्या आणणं

गोव्यात क्राफ्ट बिअर (छोट्या ब्रुअरींची) मिळते म्हणून दोन-चार बाटल्या डिकीत टाकायच्या, हा आमच्याकडचा जुना मोह. परमिटशिवाय ती दारू कर्नाटकात आणता येत नाही आणि वाटेत नाक्यावर गाडी तपासतात. काय प्यायची ती तिथंच प्या, मुक्काम करा. पिऊन तो घाट उतरायचं-चढायचं तर नावच काढू नका.

व्हिडिओ बघून घरी बिअर लावणं

ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले. तिकडं १९७८ च्या कायद्यानं घरच्यापुरती बिअर करायला मुभा मिळाली. आपल्याकडं १९६५ चा कर्नाटक अबकारी कायदा आहे, विनापरवाना मद्य तयार करणं गुन्हा. म्हणून मी आंबवणं शिकलो ते आल्याच्या सोड्यावर: १ लिटर पाणी, ४० ग्रॅम किसलेलं आलं, ८० ग्रॅम साखर, एक लिंबू, चिमूटभर यीस्ट. दिवसा-दोन दिवसांत फ्रिजमध्ये टाकला तर अल्कोहोल नाममात्र राहतं. पण अगदी शून्य नसतं, त्यामुळं मुलांना आणि न पिणाऱ्यांना देऊ नका.

पहिल्याच खेपेला बाटली फुटली. एप्रिल महिना, जुनी काचेची बाटली, झाकण गच्च आणि मी तिसऱ्या दिवसापर्यंत विसरलेलो. रात्री धाडकन आवाज आला. काचा मांडणीवर, चटणीच्या बरणीमागं, पोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर. आई म्हणाली, "पुढच्या खेपेला परसात जाऊन कर की!"

कारण सोपं होतं. बाटलीतच फेस आणणारे बिअरवाले आंबण्याजोगी साखर आधी आंबवून संपवतात आणि बाटलीत भरताना फक्त फेसापुरती, लिटरला ६-७ ग्रॅम, नवी साखर घालतात. माझ्या बाटलीत जवळजवळ ८० ग्रॅम साखर शिल्लक होती आणि गॅसला वाट नव्हती. तेव्हापासून सोड्याची रिकामी प्लास्टिक बाटली वापरतो. वर चार बोटं जागा सोडतो आणि सकाळ-संध्याकाळ बाटली दाबून बघतो. दगडासारखी लागली की लगेच फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, डिसेंबरात दोन लागतात. फ्रिजमध्ये यीस्ट मंदावतं, मरत नाही. म्हणून रोज झाकण किंचित सैल करून गॅस सोडायचा आणि आठवड्यात संपवायचा.

फेसच आला नाही तर? बहुतेक वेळा यीस्ट गरम पाण्यात पडून मेलेलं असतं. पाणी मनगटावर टाकून बघा, जेमतेम कोमट लागलं पाहिजे. पाकीट जुनं असेल तर कोमट साखरपाण्यात चिमूटभर टाका. दहा-पंधरा मिनिटांत फेस धरला नाही तर पाकीट फेकून द्या. कधी कधी यीस्टचा दोष नसतो, झाकणच गॅस धरत नाही. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर ते उकळून गार करा.

पावाचा वास येतो, कारण बेकरीचं यीस्ट जास्त पडलं. साखरेऐवजी गूळ घालून बघितला. रंग काकवीसारखा आला आणि तळाला गाळ बसला, पण मला आवडला. बायकोला नाही.

वर बुरशीची साय दिसली तर ती चमच्यानं काढून उरलेलं वाचवायला जाऊ नका. सगळं ओतून द्या, प्लास्टिकची बाटलीही टाकून द्या आणि भांडं उकळत्या पाण्यानं धुवून पुन्हा आल्यापासून सुरुवात करा.