मातकट रंगांचा चिखल होतोय? या चुका टाळा

पाऊस सरून गवत वाळायला लागलं की डोंगरउतारांना जो रंग चढतो, त्याच्यापुढे मला बाकीचे रंग नकोसे होतात. यलो ऑकर (मातीचा पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), रॉ अंबर (गडद तपकिरी) आणि चिमूटभर निळा. पण याच चौघांपायी माझे जेवढे कागद वाया गेले, तेवढे भडक रंगांपायी कधी गेले नाहीत.

तक्रार बहुतेकांची एकच: चित्र मळकट दिसतंय. मग घाईघाईने केशरी आणून ओतला जातो. दुखणं बहुतेक वेळा रंगाचं नसतंच, टोनचं, म्हणजे गडद-फिकटपणाचं असतं. मोबाइलवर चित्राचा फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. भिंत, झाड, जमीन एकाच करड्यात बुडाली, तर रोग सापडला. लालाशेजारी हिरवा असेल तर टोन चुकला तरी दोघे वेगळे कळतात. मातकट रंग पडले एकमेकांचे भाऊबंद, तिथे गडद-फिकटाचा फरकच सगळा भार उचलतो. म्हणून आधी पेन्सिलने काडेपेटीएवढं रेखाटन करा आणि सर्वांत गडद जागा कुठली ते ठरवून टाका.

दुसरी चूक, सावलीसाठी सरळ काळा मिसळणं. यलो ऑकरमध्ये काळा पडला की शेवाळी हिरवा तयार होतो. गवताला तो शोभतो, उन्हातल्या भिंतीच्या सावलीला नाही. तिथे बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन निळा घाला. निळा जास्त झाला तर थंड करडा, सिएना जास्त झाला तर उबदार तपकिरी. मी हे मिश्रण पूर्ण घोटत नाही; अर्धवट ठेवलं की ब्रशच्या एकाच फटकाऱ्यात दोन्ही छटा उतरतात.

काळ्याशी माझं वैर नाही. स्वीडनचा चित्रकार अँडर्स झोर्नच्या (१८६०–१९२०) नावाने जे पॅलेट, म्हणजे रंगांचा संच, ओळखलं जातं, त्यात पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि काळा एवढेच रंग. उबदार रंगांच्या शेजारी काळ्या-पांढऱ्याचा करडा चक्क निळसर भासतो. म्हणजे चित्रात थंडावा हवाच, तो कुठल्या ट्यूबमधून येतो हे गौण. अजिंठ्यातही गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि चुना हाच मुख्य संसार. लाजवर्द दगडाचा निळा मोजक्या जागी येतो आणि म्हणूनच डोळ्यात भरतो.

ट्यूबवरच्या नावावर विसंबू नका. बर्न्ट सिएना नावाखाली कुणी पीबीआर ७ देतं, कुणी पीआर १०१ (हे ट्यूबमधल्या रंगद्रव्याचे क्रमांक). एकदा कंपनी बदलली आणि माझा नेहमीचा करडा विटकरी झाला. नवीन ट्यूब आली की रद्दी कागदावर मिसळून बघायचं, ही सवय तेव्हापासूनची.

जलरंगात वॉशवरची (पातळ रंगाच्या ओल्या थरावरची) ओली चमक गेली की ब्रश खाली ठेवा. तिथे पुन्हा गिरवलं की चिखल झालाच. वॉश वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा सुरुवातीलाच किंचित गडद लावा. तैलरंगात अंबर त्यातल्या मँगनीजमुळे लवकर वाळतो. तिथे निस्तेज डाग दिसले तर घाबरून वर नवा रंग थापू नका.

आणि रात्री पिवळ्या बल्बखाली ऑकर लावायला बसू नका. त्या उजेडात पांढरा कागदही पिवळसर दिसतो, ऑकर कमी वाटतो, हात सुटतो. सकाळी खिडकीशी चित्र नेल्यावर समोर असते ती हळदीची भिंत.